मुऱ्हाळ्याचा रकाना

मुक्काम नाका, घाटाखाली
चैत्र वद्य अष्टमी, शके १८६६

प्रिय हिलाल यास शालिग्रामचा नमस्कार.

इकडचं सगळं क्षेम आहे, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. तुझं पत्र भडगावला घरी आलं होतं, ते आईने बाजारच्या गाडीबरोबर इथे नाक्यावर धाडलं. तुझी परीक्षा नेमकी अखाजीच्या आठवड्यात आली हे वाचून तुझी कीव आली. तारखा ठरवणाऱ्यांत अक्षय्य तृतीयेला अखाजी म्हणणारा खानदेशी माणूस एकही नसणार. खापरावरच्या पुरणपोळ्या आणि आमरस सोडून पुण्यात बाकावर बसायचं, म्हणजे काळं पाणीच.

मी कसा आहे विचारतोस. बरा आहे. तुराट्यांची एक झोपडी, रस्त्यावर आडवा टाकलेला एक बांबू, एक रांजण, एक वही आणि झुलाल नावाचा एक शिपाई, एवढ्या संसाराचा मी धनी आहे. समोर पन्नास पावलांवर कोरडा नाला. नाल्याच्या पलीकडे निजामाची मोगलाई, अलीकडे इंग्रजांचा आपला खालसा. मध्ये शिवेचा एक दगड आहे, त्याला दोन्हीकडच्या बाया शेंदूर लावून जातात. शेळ्या दिवसातून दहा वेळा या राज्यातून त्या राज्यात जातात. त्यांना पास लागत नाही. झुलाल म्हणतो, "साहेब, पुढना जन्मे बकरी व्हवानं." मला साहेब म्हणताना त्याच्या मिशा हसतात.

कॉलेज पुन्हा का धरत नाहीस, हे तू चौथ्यांदा विचारलंस. बेचाळीसच्या धामधुमीत सोडलं ते सोडलं. गावात मला अजून चळवळीतला समजतात, चावडीवर बसायला जागा देतात. समजू देत.

आता ठरावाची हकीकत, कारण तू पेपरांत नसलेलं जग विसरलास. आपल्या भागात यंदा धान्याची काय दशा आहे ते ताईबाई आपल्या लेकाला कळवतच असतील. दुकानावर माणशी मोजून ज्वारी मिळते आणि तीही माणसं संपायच्या आत संपते. त्यात मोगलाईत धान्याची लेव्ही फार, तिकडचे लोक घाट उतरून इकडे येतात. अखाजीला सालदारांची सालं बदलतात, हे तिकडे पोरालाही ठाऊक. दर वर्षी अखाजीच्या आठवड्यात शे-दोनशे गडी तिकडून येतात आणि निम्म्या दाण्यावर साल धरतात. म्हणून महिन्यापूर्वी कौतिकनानांनी आपल्या धान्य समितीची बैठक चावडीत बोलावली. नाना समितीचे मुख्य, माझे मामा आणि तीस बिघ्यांचे मालक. स्वस्तातला गडी त्यांना का नको होईल? ते म्हणाले, "येणार तो येणार. नदीले बांध घालतस का कोनी?"

तेव्हा लोटन उठला. तुमच्या मळ्यावर होता तो लोटन. बाप्या सभेत कधी बोलत नाही. हात जोडून म्हणाला, "नाना, तुम्हले काय! मोगलाईना गडी अर्धा दानावर साल धरस. मंग आम्हीन कथा जावानं? मना चार पोरे शेतस."

कोणीतरी मागून टोमणा मारला, "पाचवं कवय?" पाचवं मूल कधी, म्हणून सगळे हसले. लोटन खाली बसला. माझं डोकं फिरलं. तुला माहीत आहे ते कसं फिरतं. मी उठून पाव तास बोललो. घराला दार असतं ते काय शोभेला, ज्याचं पोट इथल्या मातीत त्याचा घास पहिला, नाक्यावर पास तपासल्याशिवाय एक माणूस आत घेता कामा नये. टाळ्या पडल्या. लोटन माझ्याकडे असा पाहत होता की मला माझी उंची वाढल्यासारखी वाटली.

नाना टाळ्या संपेपर्यंत थांबले आणि म्हणाले, "शालिग्राम, भाषन झकास. पन पोरीसनं काय? अखाजीले बठ्ठ्या पोरी मोगलाईमाईन माहेरले येतीस. त्यासलेबी आडावशी?"

पोरीच्या नावाने कोणी परक्या बाया आणि त्यांच्यामागून गडी आत घुसवतील, हेही खरं होतं. मी तिथल्या तिथे तोड काढली. माहेरवाशीण सोडावी, पण तिला आणायला गेलेला मुऱ्हाळी खालशातला पाहिजे, तो नाक्यावर हजर पाहिजे, आणि वहीत त्याने स्वतःचं नाव व नातं लिहून सही केली पाहिजे. भाऊ सख्खा, चुलत, मावस, कोणीही. नाना हसून म्हणाले, "आनि मानेल भाऊबी लिख. गावनी पोर म्हंजे बठ्ठा गावनी बहीन." तेही घातलं. ठराव मी माझ्या अक्षरात उतरवला. वरून मंजूर होऊन आला आणि नाना म्हणाले, लिहिलास तर राबवही तूच. म्हणून मी इथे.

परवा एक मुख्तार नावाचा माणूस आला, बायको मदिना बरोबर. जळगावात मेहरूणला राहतो, कापसाच्या जिनात प्रेसवर कामाला. भाऊ वारला म्हणून घाटावरच्या गावी माती द्यायला गेला होता, चाळिसावा करून परत निघाला. पास नाही. म्हणाला, "साहब, पंधरा वर्षं मेहरूणला आहे मी. खोलीला कुलूप लावून आलोय. ही बघा किल्ली." कमरेच्या करगोट्याची किल्ली काढून माझ्या वहीवर ठेवली. मी म्हटलं, "किल्ली म्हणजे पास नव्हे." झुलालला ते इतकं आवडलं की येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटलाय. मुख्तारने किल्ली उचलली, बायकोला म्हणाला, "चल." ते दोघे परत घाट चढून गेले. ऊन फार होतं.

आता तुझ्या कामाचं. तू लिहितोस, घरात दुसरा पुरुष नाही, तेव्हा बहिणीला, प्रमिलाला, घाटावरच्या सासरहून आणायला माझ्या जागी तूच मुऱ्हाळी म्हणून जा. तिचं पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, जावई जालन्याला पेढीवर, तेव्हा कोणीतरी गेलंच पाहिजे, हे सगळं मला पटतं. पण हिलाल, मला रजा नाही. अखाजीच्या पंधरा दिवस आधी आणि पंधरा दिवस नंतर नाका सोडायचा नाही असा माझाच नियम. शिवाय आमच्या बैलाचा खांदा सुजलाय. शिवाय मला घाटातलं पाणी बाधतं. तू चुलत्यांना लिहून पाहा. तिच्या सासरची माणसं तिला नाक्यापर्यंत आणून सोडतील.

ताईबाईंना माझा नमस्कार कळव. मी स्वतः जाऊन सांगणार होतो, पण जमलं नाही.

तुझा,
शालिग्राम


मुक्काम नाका
वैशाख शुद्ध पंचमी

प्रिय हिलाल,

नमस्कार. पेपर कसे गेले? गणिताचा अवघड होता असं इथल्या मास्तरांच्या कानावर आलं, त्यांनी झुलालला सांगितलं, झुलालने मला. बघ, बातमीला पास लागत नाही.

अखाजी झाली. यंदा नाक्यावरून चौतीस मुली आल्या, सगळ्या मुऱ्हाळ्यांसकट. रांगेने गाड्या, बैलांच्या शिंगांना गोंडे, आणि प्रत्येक गाडीत एक भाऊ नवा सदरा घालून ऐटीत बसलेला. वहीत अंगठे आणि सह्या घेऊन माझी बोटं निळी झाली. गडी परत पाठवले एकशे सहा. लोटनला यंदा साल चांगलं मिळालं. दोन पोती ज्वारी जास्त आणि एक घोंगडी. तो मुद्दाम इथवर चालत आला, पायाला हात लावू लागला. मी त्याला ओरडलो. का ओरडलो ते त्याला कळलं नाही.

गावात झोके बांधले होते म्हणे. ताईबाई बऱ्या आहेत असं ऐकतो. मी गावी गेलो नाही.

प्रमिला यंदा आली नाही.

ऊन असं आहे की रांजणातलं पाणीही तापतं. मला तीन दिवस झोप नाही, डोकं ठणकतं. माझ्या उशाशी एक गाठोडं आहे, ते कोणाचं, ते पुढे कधीतरी लिहीन. त्याच्या गाठीवर हळदीचा डाग आहे. एवढ्याशा गाठोड्याने माणसाची झोप जाते, यावर तू विश्वास ठेवणार नाहीस.

या कागदाची खालची बाजू फाडली आहे. तिथे मी काहीतरी लिहिलं होतं.

तुझा,
शालिग्राम


भडगाव, तुमच्या घराच्या ओट्यावरून
वैशाख वद्य द्वादशी

हिलाल,

ताईबाईंनी तुला तार केली असेल किंवा मास्तरांकडून कार्ड लिहून घेतलं असेल. त्यात प्रमिला सुखरूप घरी आली, मुलगी झाली, असं असेल. माझ्याबद्दल त्या काही बोलल्या नसतील. त्या बोलत नाहीत म्हणून मला लिहिलं पाहिजे. तुझी दोन पत्रं माझ्यापाशी आहेत. दोन्हीत शेवटी एकच ओळ, "प्रमिला का आली नाही, खरं कळव." खरं कळवतो.

ती आली होती.

अखाजीच्या आदल्या दिवशी, दुपार उतरताना. तिचे मामेसासरे भटूबाबा गाडी हाकत होते. म्हातारा डोळ्याने अधू, तरी भाचेसुनेला माहेरी पोचवायचं म्हणून निघालेला. गाडीत गवत पसरून वर गोधडी, तिच्यावर ती. आठवा महिना. मी तिला लग्नानंतर पहिल्यांदा पाहत होतो.

झुलालने विचारलं, "मुऱ्हाळी कोन शे?"

भटूबाबा म्हणाले, "पोरीना भाऊ पुण्यामा शिकस. मी तिना मामेसासरा शे. लेक भडगावनी शे, बठ्ठा गावले इचारा."

मामेसासरा मोगलाईतला. रकान्यात बसत नाही. झुलालने माझ्याकडे पाहिलं. मी वहीकडे पाहिलं. तेव्हा प्रमिला गाडीतूनच म्हणाली, "शालिग्राम, तू लिखी दे ना तुनं नाव. तू काय परका शे?"

आणि झुलाल, बिचारा, त्याला काय ठाऊक, खूश होऊन म्हणाला, "बस्स! मानेल भाऊ. लिखी टाका साहेब. तुम्हनाच हातना नियम शे."

मी टाक दौतीत बुडवला. तारीख लिहिली. गाव लिहिलं. तिचं नाव लिहिलं, प्रमिलाबाई, पुढे तिच्या नवऱ्याचं नाव. मुऱ्हाळ्याचं नाव, त्या रकान्यात माझं नाव लिहिलं. मग पुढचा रकाना. नाते. तिथे दोन अक्षरं लिहायची होती, हिलाल. दुसरीतलं पोर लिहितं. टाकाची शाई वाळली, पुन्हा बुडवला, पुन्हा वाळली.

तू मला आता ओळखलं असशील. पण कॉलेज सोडलं का, हे तू कधी विचारलं नाहीस म्हणून मीच सांगतो. मी कॉलेज चळवळीत सोडलं नाही. चळवळ तेव्हा चालू होती हे माझं नशीब. वसतिगृहात तुझ्या हातात प्रमिलाच्या लग्नाची पत्रिका आली, तू ती हसत मला वाचून दाखवलीस, त्या संध्याकाळी मी ट्रंक भरली. दुसऱ्या दिवशी वर्गात प्रोफेसरांशी मुद्दाम भांडलो, म्हणजे काही कारण असावं. तिच्याशी मी कधी वेडंवाकडं बोललो नाही. कधी काहीच बोललो नाही, हेच ते. तुमच्या लिंबाला अखाजीचा झोका असायचा आणि मी तुला हाक मारायच्या निमित्ताने दारावरून चार वेळा जायचो. तेवढंच. गेल्या वर्षीही तू सांगितलं असतंस तर मी गेलो नसतो, आणि यंदा तू सांगितलंस तेव्हा बैलाचा खांदा सुजला. बैल धडधाकट होता. मला तिचा मुऱ्हाळी व्हायचं नव्हतं. जो आणायला जातो तो भाऊ. एकदा गेलो की जन्मभर भाऊ. तिचं लग्न होऊन दोन वर्षं होत आली, मूल होणार आहे, आणि मी कुठली आशा जपून बसलो होतो ते माझं मलाच सांगता येत नाही. पण जपली होती.

मी टाक खाली ठेवला आणि माझं नाव लिहिलं होतं त्यावर रेघ मारली. म्हटलं, "नियम आहे. खालशातला भाऊ हवा."

झुलाल बघतच राहिला. भटूबाबा हात जोडून काहीबाही बोलू लागले. प्रमिलाने त्यांना थांबवलं. ती रागावली नाही. रागावली असती तर बरं. माझ्याकडे नीट पाहून, हळू, म्हाताऱ्याला ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाली, "तुना हात काबर थांबना, ते माले माहीत शे. पन मना पोटमा जो जीव शे, त्याले काय माहीत?"

मग गाठोडं पुढे केलं. "हाई तरी आईकडे पोचाड. कापडले पास लागत नही."

गाडी लगेच वळली नाही. नाल्याच्या पलीकडे लिंबाखाली दिवस मावळेपर्यंत उभी होती. माझं मन बदलेल असं त्यांना वाटलं असावं. झुलाल दोनदा पाणी घेऊन गेला. तिसऱ्यांदा आला तेव्हा रांजणाशी घागर आपटून म्हणाला, "शे ते शे, साहेब, पन हाई काय बरं नही." त्या दिवसापासून त्याने मला साहेब म्हणताना हसणं सोडलं. अंधार पडायच्या आत ते घाट चढून गेले. गाडी दगडांवरून कशी आदळत होती ते मला पायथ्याशी ऐकू येत होतं. आठवा महिना, हिलाल.

दुसऱ्या दिवशी अखाजी. चौथ्या दिवशी मी तुला ते पत्र लिहिलं.

सप्तमीला तिचं पोट दुखायला लागलं. मला ते दशमीला कळलं. सकाळी नाल्यापलीकडून कोणीतरी ओरडत होतं, "ओ किल्लीवाले साहब!" पाहिलं तर मुख्तार. मीच परत पाठवलेला मुख्तार. त्याचं गाव तेच, प्रमिलाच्या सासरचं. पाय नाल्याच्या पलीकडेच ठेवून, दगडाच्या अंगावर यायचं नाही असं ठरवल्यासारखा उभा. म्हणाला, "तुमच्या गावची बाई बाळंत झाली. दिवस भरायच्या आधी. मुलगी आहे, एवढीशी. बाईचा ताप उतरत नाही. माझी मदिना तीन दिवस तिच्या उशाशी आहे, सुईणपण तिला येतं म्हणून निभावलं. पण ती आई-आई करते. आईला धाडता येतं का बघा. इकडून जायला तर मनाई नाही ना?"

इकडून जायला मनाई नव्हती. तो नियम मी केला नव्हता.

वही झुलालच्या हातात दिली. म्हटलं, ताईबाईंना गाडीने घेऊन ये, मी पुढे होतो. तो म्हणाला, "नाका?" मी म्हटलं, "नाक्यावर बकऱ्या सांभाळतील." गाठोडं काखेत मारलं आणि नाला ओलांडला. मुख्तार पुढे, मी मागे. अर्ध्या घाटात तो पहिल्यांदा बोलला. "साहब, तुमच्याकडे आमच्या राज्याचा पास आहे?" मी नाही म्हटलं. "मग कोणी विचारलं तर?" तो म्हणाला, "सांगेन, पाव्हणा आहे आमचा. किल्ली माझ्याजवळ आहे." त्याने टोमणा मारला की धीर दिला, मला अजून ठरवता आलेलं नाही. बहुतेक दोन्ही.

वेशीत तिकडच्या पोलीसपाटलाने खरंच हटकलं. मुख्तार म्हणाला, "पाव्हणा," आणि पाटील "बरं" म्हणून तंबाखू मळायला लागला. तेवढ्यावर झालं. मी तिथेच उभा राहिलो; मुख्तारला वाटलं असेल की मला दम लागलाय.

घरात ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. मदिनाबी कपाळावर ओली पट्टी ठेवत होती. तिने मला ओळखलं. उठली नाही, फक्त बाळाच्या अंगावरचं फडकं ओढून घेतलं, माझी सावली पडू नये तसं. मी गाठोडं ठेवलं आणि बाहेर मुख्तारच्या ओसरीवर जाऊन बसलो. ताईबाई दुसऱ्या दिवशी पोचल्या. नाक्यावर झुलाल त्यांना म्हणाला होता, अक्का, परत येताना वही लागेल. त्या म्हणाल्या, "माले कोन आडावस ते दखस मी." त्यांनी गाठोडं सोडलं. आत दुपटं होतं. त्यांच्याच जुन्या हिरव्या लुगड्याच्या तुकड्यांचं, प्रमिलाने शिवलेलं. त्यांनी ते बघितलं, मग गाठीवरचा डाग बघितला, मग मला. म्हणाल्या, "हाई अखाजीनं शे ना?" मी हो म्हटलं, तेवढ्यावरून लेकीला नाक्यावरून कोणी परतवलं ते त्यांना कळलं. त्यांनी पुन्हा काही विचारलं नाही. त्या दिवसापासून आजपर्यंत नाही.

मी तिथे सोळा दिवस राहिलो. लाकडं फोडली, पाणी भरलं, अजिंठ्याच्या वैद्याकडून दोनदा औषध आणलं. मुख्तारच्या घरची भाकरी खाल्ली. त्यांच्याकडेही दाणे नव्हते, हिलाल. मदिनाबी मला दोन भाकरी वाढायची आणि स्वतः एक, आणि मी ते पाहायचो नाही असं दाखवायचो. एकदा मी मुख्तारला म्हटलं, मला त्या दिवशी तुला सोडायला हवं होतं. तो चिलीम झटकत म्हणाला, "सोडलं असतं तर मदिना इथे नसती. मग तुमची बाई?" तो म्हणाला, "म्हणून तुमचा नियम चांगला होता असं नाही हं." आणि हसला.

आणि लोटनची दोन पोतीही खोटी नाहीत. मी रोज ती मनात तोलतो. चावडीत मी जे बोललो ते सगळं चूक होतं असं आजही म्हणवत नाही. लोटनच्या पोरांना यंदा पोटभर मिळेल. पण मी दार म्हणालो तेव्हा आपण सगळे आत आहोत असं धरून चाललो होतो. याच्या पुढे माझी अक्कल जात नाही. फार थकलोय.

सहाव्या दिवशी दुपारी ताईबाई विहिरीवर गेल्या होत्या, मदिनाबी आपल्या घरी. मी पाण्याची घागर दारात ठेवायला गेलो. प्रमिला जागी होती. ताप उतरला होता. छपराकडे बघत म्हणाली, "भाऊ, पानी दे."

गावात आपल्याकडे कोणालाही भाऊ म्हणतात, हाटेलवाल्यालाही. तसं ते नव्हतं. तिने शब्द उचलून माझ्यापुढे ठेवला आणि मी घेतो का ते पाहत राहिली. मी तांब्या भरला, तिच्या हातात दिला. थोडं सांडलं. ती म्हणाली, "सांडू दे." बस, एवढंच बोलणं झालं. माझी चार-पाच वर्षं त्या तांब्याएवढ्या पाण्यात गेली. रडू आलं नाही. उलट, ओझं उतरवल्यावर हमालाचे खांदे दुखतात तसं काहीतरी.

परवा आम्ही निघालो. भटूबाबांची गाडी, मी हाकत होतो, बैलाची शेपटी एकदाही पिरगाळली नाही. घाट उतरायला सकाळपासून संध्याकाळ केली. नाक्यावर नवा कारकून अजून आलेला नाही, झुलालच वही सांभाळतो. माझी नोकरी गेली हे त्यानेच सांगितलं. नाना म्हणे चावडीत माझ्या नावाने शिव्या घालून शेवटी म्हणाले, पोरगं येडं आहे पण लेकीला आणायला गेलं.

झुलालने वही पुढे केली. "लिखा. आते साहेब नही तुम्ही, पन अक्षर तुम्हनंच बरं शे."

रेघ मारलेलं माझं नाव दोन पानं मागे तसंच होतं. मी नव्या ओळीत लिहिलं. तारीख. गाव. प्रमिलाबाई. मुऱ्हाळ्याचं नाव. नाते. भाऊ. झुलाल म्हणाला, "मानेल लिखू का पुढे?" मी म्हटलं, नको, एवढंच असू दे.

मग त्याने गाडीत डोकावून दुपट्यातलं तोंड पाहिलं. "आनि हाई धाकली कोन? मोगलाईमा जन्मनी, इना पास कथा शे? इना मुऱ्हाळी कोन लिखू?"

ताईबाई काही बोलणार तेवढ्यात प्रमिला गाडीतून म्हणाली, "मामा लिख."

झुलालच्या मिशा पुन्हा हसल्या. मी लिहिलं. तिचं अजून नाव ठेवलेलं नाही, म्हणून नावाच्या जागी नुसतं "मुलगी" आहे. ती चोरून शिरलेली नाही, तिची नोंद आहे.

आता एक काम तुझ्याकडे. मुख्तारने निघताना मला किल्ली दिली. म्हणाला, "खोली दोन महिने बंद आहे. उघडून वारा लागू दे, पाठीमागच्या खिडकीत मदिनाची तुळशीसारखी एक कुंडी आहे, सब्जाची, जिवंत असेल तर पाणी घाल." मी उद्या जळगावला जाऊन मेहरूणला ती खोली उघडणार आहे. तुझं इंग्रजी माझ्यापेक्षा पुष्कळ बरं. पंधरा वर्षं इथे राहणाऱ्या माणसाला आत येण्याचा पास द्यावा, असा अर्ज कलेक्टरसाहेबांना लिहून पाठव. भाड्याच्या पावत्या खोलीत असतील, त्या मी गोळा करून जोडतो. मिळेल की नाही, ठाऊक नाही. तो ठराव इतका पक्का मीच लिहिला आहे. कुठे फट ठेवली असती तर आज उपयोगी पडली असती.

तुला माझा राग येईल. येऊ दे. परीक्षा संपवून घरी आलास की ओट्यावर बसून काय ते बोल, मी गप्प ऐकेन. मला वाटेत टाळून जाऊ नकोस, एवढंच.

तुझं घर या वेळेला शांत आहे. ताईबाई चुलीपाशी आहेत. आत मुलगी रडते आणि प्रमिला तिला काहीतरी गुणगुणते, शब्द नीट ऐकू येत नाहीत. यंदाचा झोका लिंबाला अजून तसाच आहे, कोणी सोडला नाही. उद्या मी तो सोडून दोर घरात ठेवीन, पुढच्या वर्षाला लागेल.

पत्राखाली काय लिहायचं ते मघापासून ठरवतोय. वहीत लिहिलं ते सरकारी कामापुरतं होतं, कोणी म्हणेल, गाडी सोडवायला लिहिलं. म्हणून इथे कोणी मागितलेलं नसताना परत लिहितो.

तुझ्या बहिणीचा भाऊ,
शालिग्राम